शीवचे रुग्णालय: बराकीपासून महाविद्यालयापर्यंत

‘शीव’ म्हणजे हद्द. जुन्या मुंबई बेटाची वेस जिथे संपत असे, तिथेच १९४७ साली लष्कराच्या रिकाम्या बराकींमध्ये अवघ्या ५० खाटांचे पालिका रुग्णालय सुरू झाले. पुढे त्याला लोकमान्य टिळकांचे नाव मिळाले, तरी लोकांच्या तोंडी ते ‘सायन हॉस्पिटल’च राहिले.

१९६४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय जोडले गेले आणि रुग्णालयाचा पोतच बदलला. एका अंगाला धारावी, दुसऱ्या अंगाला मध्य रेल्वे आणि जवळच पूर्व द्रुतगती मार्ग, अशा जागी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला क्षयरोगापासून अपघातातल्या जबर जखमांपर्यंत जे पाहायला मिळते, ते पुस्तकातून क्वचितच उमगते.

मला मात्र सर्वांत मोलाची वाटते ती येथील मातृदुग्धपेढी. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये सुरू झालेली ही पेढी आशियातील पहिली मानली जाते. मातांनी दिलेले दूध ६२.५ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवून, झटकन थंड करून गोठवले जाते आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना थोडे थोडे पाजले जाते. यंत्रसामग्री साधीच, खरी कसोटी स्वच्छतेची.

आज खाटा हजाराच्या पुढे गेल्या आहेत. तरीही सकाळी केसपेपरच्या खिडकीसमोर जुने कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून उभी असलेली रांग पाहिली, की त्याही अपुऱ्याच वाटतात.