गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या रानात जीपीएस घड्याळ : चौदा महिन्यांची टिपणे

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये घेतलेल्या जीपीएस घड्याळात धावणे, पोहणे, सायकल यांच्या रांगेत 'हंट' म्हणजे शिकार हाही एक प्रकार दिसला, तेव्हा मला हसू आले. आमच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती आणि गावाच्या पारधीत कोण कुठे उभा राही, हाकारे कोणत्या बाजूने येत, याच्या गोष्टी ऐकतच आम्ही वाढलो. मात्र १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा असताना हा प्रकार आपल्या कामाचा नाही असे समजून मी तो यादीतून काढून टाकला. दुर्बीण घेऊन पक्ष्यांमागे हिंडू लागल्यावर तो निमूटपणे परत घ्यावा लागला. शिकाऱ्याला पाणवठा, माग, बसायची जागा एका बटणात नोंदवायची असते आणि नंतर ती जागा किती अंतरावर, कोणत्या दिशेला आहे हे पाहायचे असते. कर्णा पक्षी कोणत्या वळणावर दिसला हे टिपून ठेवणाऱ्यालाही नेमके तेवढेच लागते.

या प्रकाराची एक खोड मला तीन फेऱ्यांनंतर कळली. शिकारी दिवसभर एका जागी बसून राहतो हे गृहीत धरून घड्याळ त्यात बॅटरी वाचवते आणि उपग्रहांकडून स्थान विरळ घेते. परिणामी माझ्या ओळखीच्या नागमोडी पाऊलवाटेचा ट्रॅक काठीने ओढलेल्या रेघांसारखा उमटला आणि अंतर अर्ध्या किलोमीटरने कमी भरले. आता मी चालताना 'हाइक' लावतो, दर सेकंदाला नोंद आणि सर्व उपग्रहप्रणाली चालू ठेवतो. लपणात बसायचे असेल तेव्हाच 'हंट' घेतो. पहिल्या पद्धतीत नऊ तासांनंतर बॅटरी निम्म्याच्या जवळ येते, दुसरीत पाव भागही खर्च होत नाही. एका दिवसाच्या भटकंतीला दोन्ही पुरतात, म्हणून बॅटरीची चर्चा इथेच थांबवतो.

मुख्य प्रयोग एकाच वाटेचा होता. वाळपईच्या पुढे, म्हादई अभयारण्याच्या हद्दीबाहेरून जाणारी, कुळागरातून म्हणजे पोफळीच्या बागेतून सुरू होऊन ओहोळ ओलांडणारी आणि कड्याच्या पायथ्याने डोंगराच्या कुशीत शिरणारी ही सुमारे पाच किलोमीटरची वाट मी चौदा महिन्यांत अकरा वेळा चाललो. (अभयारण्याच्या आत जायचे तर वनखात्याची परवानगी घ्यावी, घड्याळात वाट दिसते म्हणून ती आपल्यासाठी मोकळी आहे असे होत नाही.) अकराही ट्रॅक नकाशावर एकावर एक ठेवले, तेव्हा कुळागराच्या बाहेरील मोकळ्या पठारावर ते एकाच जाड रेषेसारखे दिसले, तर कड्याखाली त्यांची उसवलेल्या सुंभासारखी गत झाली. दोन ट्रॅक तर मला चक्क कड्याच्या आतून चालवत होते.

कारण समजून घेतल्यावर राग गेला. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून वेळेचा संकेत पाठवतात आणि तो पोहोचायला किती वेळ लागला यावरून घड्याळ अंतर काढते. कड्याखाली अर्धे आकाश झाकलेले असते आणि उरलेल्या अर्ध्यातला संकेत खडकावर आपटून आडवळणाने येतो. हा जास्तीचा प्रवास घड्याळाला थेट प्रवासच वाटतो आणि ते आपल्याला भलतीकडे बसवते. माझ्या घड्याळात दोन वारंवारितांची सोय आहे, म्हणजे जुन्या १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या जोडीला ते ११७६.४५ मेगाहर्ट्झवरचा संकेतही ऐकते. या दुसऱ्या संकेताची रचना अशी आहे की थेट आलेली लहर आणि आपटून आलेली लहर वेगळी ओळखणे सोपे जाते. ही सोय बंद ठेवून केलेल्या दोन फेऱ्या म्हणजेच कड्यातून चालणारे ते दोन ट्रॅक. तेव्हा घड्याळ घेताना इतर कशावर काटकसर करायची ती करावी, यावर करू नये, असे माझे मत झाले आहे. आपल्या इस्रोच्या 'नाविक' या स्थानदर्शक प्रणालीचे उपग्रह भारत आणि आसपासच्या भागासाठीच असतात, परंतु प्रत्येक घड्याळ त्यांचा संकेत घेतेच असे नाही. खोक्यावरचा मजकूर नीट वाचावा.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट लक्षात आली. एप्रिलमध्ये किंदळ, माट्टी यांची पाने बरीच गळलेली असतात. ऑगस्टमध्ये तीच झाडे भरून येतात आणि पानापानावर पाणी असते. पाणी संकेत गिळते. त्या महिन्यात निघतानाच घाई केली तर पहिली दोनशे मीटर वाट कुठेतरी शेजारच्या बागेत उमटते. प्रत्येक उपग्रह आपली नेमकी जागा सांगणारी माहिती अगदी संथपणे पाठवतो, एक पूर्ण आवर्तन तीस सेकंदांचे असते आणि मध्ये संकेत तुटला तर पुढच्या आवर्तनाची वाट पाहावी लागते. म्हणून मी आता घरून निघण्यापूर्वी घड्याळ फोनशी जोडून उपग्रहांची ताजी माहिती भरून घेतो आणि सुरुवातीला उघड्या जागी, झाडाखाली नव्हे, दोन मिनिटे उभा राहतो.

सर्वांत जास्त डोके उंचीने खाल्ले. घड्याळ हवेच्या दाबावरून उंची काढते, दाब उतरला की उंची वाढली असे धरते, म्हणून मी मोठ्या हौसेने मिरामारच्या किनाऱ्यावर, लाटेपासून चार पावलांवर उभे राहून शून्य लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला वाळपईच्या घरी, टेबलावर ठेवलेल्या घड्याळाची उंची वहीत लिहिली. दुपारी चारला तेच टेबल पंचवीस मीटर वर चढलेले होते. यंत्र बिघडले असे समजून मी आठ दिवस दर दोन तासांनी नोंदी केल्या आणि रोज तोच खेळ पाहिला. उष्ण कटिबंधात हवेच्या दाबालाही दिवसातून दोनदा भरती-ओहोटी असते : सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास दाब चढलेला असतो, पहाटे व दुपारी चारच्या सुमारास उतरलेला असतो, आणि सकाळ-दुपारचा हा फरक साधारण ३ हेक्टोपास्कल पडतो. समुद्रसपाटीजवळ एका हेक्टोपास्कलला आठ-साडेआठ मीटर धरले की माझ्या टेबलाचे पंचवीस मीटर बरोबर जुळतात. किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्याला समुद्राची भरती तोंडपाठ असते. डोक्यावरच्या हवेचीही असते हे मला पन्नाशीत कळले. आता मी उंची दर वेळी निघण्याच्या ठिकाणी, नकाशावरच्या ओळखीच्या आकड्याने लावतो आणि दिवसअखेरच्या एकूण चढाईच्या आकड्याची फुशारकी मारत नाही. एकदा आकडा चार तास जागचा हलला नाही, तेव्हा दाब मोजणाऱ्या बारीक छिद्रात चिखल बसलेला निघाला. ते नळाखाली नुसते धुवावे. टाचणी घालू नये.

ऑगस्टमधली सातवी फेरी येथे नोंदवलीच पाहिजे. परतताना पाऊस एवढा वाढला की ओल्या बोटांना स्पर्शपडदा दाद देईना आणि सगळे काम बटणांवर आले. मी 'निघालो तिथे परत' हा पर्याय दाबला. बाण सरळ समोर, अंतर ६४० मीटर. त्या बाणाच्या वाटेत, सकाळी घोट्याएवढा असलेला ओहोळ तांबडा होऊन कमरेपर्यंत चढला होता. बरोबर आलेले गावातले काका पाण्याकडे न पाहता काठावरच्या मातीकडे पाहत होते. गव्यांच्या खुरांची वाट वरच्या अंगाला वळली होती. "बाबा, तुजें घड्याळ वयर पळयता, हांव सकयल पळयतां," म्हणजे तुझे घड्याळ वर पाहते, मी खाली पाहतो, असे म्हणून ते चालू लागले. अर्धा तास वर चढल्यावर ओहोळ जिथे खडकावर पसरून उथळ झाला होता, तिथून आम्ही ओलांडला. मी ती जागा लगेच नोंदवली आणि पुढे आणखी तीन फेऱ्यांत तिचाच उपयोग केला. सरळ रेषेऐवजी आलेल्या ट्रॅकवरून परत नेणारा पर्यायही घड्याळात असतो; पावसाळ्यात तोच आधी लावलेला बरा, तरी वाटेत पाणी किती आले हे त्यालाही माहीत नसते.

नोंदी दुसऱ्याला देताना अंशांचे स्वरूप स्पष्ट सांगावे. मी एका मित्राला फोनवर अक्षांश '१५.५५' असा सांगितला आणि त्याने तो १५ अंश ५५ मिनिटे असा लिहून घेतला. खरा आकडा १५ अंश ३३ मिनिटे होतो. बावीस मिनिटांची चूक म्हणजे सुमारे चाळीस किलोमीटर, थेट गोव्याच्या हद्दीबाहेर.

मोबाइलची रेंज नसलेल्या भागात संदेश पाठवता यावा म्हणून उपग्रह-संदेशाचे छोटे यंत्र परदेशातून मागवण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. माझ्याही आला होता. घड्याळ केवळ संकेत ऐकते, त्याला अडचण नाही. संदेश पाठवणाऱ्या यंत्राला मात्र आपल्याकडे सरकारी परवाना लागतो, आणि डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर अशा यंत्रामुळे परदेशी पाहुण्यांवर कारवाई झालेली आहे. मी त्याऐवजी परतण्याची वेळ आणि वाटेचा ट्रॅक घरी देऊन जातो.

धनेशाच्या ढोलीची जागा घड्याळात आहे, पण तो ट्रॅक मी कुठेही चढवलेला नाही. जानेवारी २०१८ मध्ये एका लोकप्रिय व्यायाम-ॲपच्या नकाशावर सैनिकांच्या धावण्याच्या रेषांवरून त्यांचे तळ उघडे पडले होते. ढोली शोधणे तर त्याहून सोपे. मित्रांना दाखवायच्या ट्रॅकचा शेवटचा एक किलोमीटर मी आधी कापतो. बारावी फेरी पहिला पाऊस जिरल्यावर, ओहोळाच्या वरच्या बाजूने.