६ फुटांच्या गोळ्यात दोघं
आज दिवसभर कामात लक्षच नाही राव, सकाळी ‘पायसिस ३’ या छोट्या पाणबुडीबद्दल वाचायला घेतलं आणि तिथेच अडकलो. १९७३ चा ऑगस्ट, आयर्लंडजवळ अटलांटिकमध्ये टेलिफोन केबल टाकायचं काम, रॉजर चॅपमन आणि रॉजर मॅलिन्सन हे दोघं वर येत असताना मागच्या कप्प्याचं झाकण निघालं, पाणी भरलं आणि पाणबुडी थेट तळाला, जवळजवळ ४८० मीटर खाली!! आत जेमतेम ६ फुटांचा गोळा, मिट्ट काळोख, थंडी, खायला एक सँडविच नि प्यायला लेमोनेडचा एक कॅन, बास. बोलायचं नाही, हलायचं नाही, कारण बोललं की ऑक्सिजन जातो (मी तर पहिल्या तासातच बडबड करून संपवला असता). श्वासातून साठणारा कार्बन डायऑक्साइड लिथियम हायड्रॉक्साइडने शोषून घ्यायचा, पण तेही काटकसरीने. वरून मदतीला गेलेल्या पाणबुड्यांच्या अडचणी संपता संपेनात, शेवटी अमेरिकेचा कर्व्ह-३ रोबो उतरला, दोर अडकवला आणि ७६ तासांनी दोघं जिवंत बाहेर! ऑक्सिजन उरला होता १२ मिनिटांचा.

२०२३ मध्ये टायटॅनिकचे अवशेष बघायला गेलेली टायटन पाणबुडी बेपत्ता झाली, तेव्हा पण सगळे ९६ तासांच्या ऑक्सिजनचं घड्याळ लावून बसलेले, मीही त्यातलाच, सारखं फोन रिफ्रेश करत, आणि ती तर आधीच दाबाने चिरडली गेली होती. पाचही जण गेले. ४८० मीटरवर निदान दोर तरी पोचवता आला, टायटॅनिक पडलीय ३८०० मीटरवर, तिथे पोचू शकणारी यंत्रं जगात आहेतच किती, आणि तरी लोक तिकीट काढून जायचे?