आमचं किचन, तोडलेला ओटा आणि न तोडलेला कडप्पा

कोथरूडचा आमचा फ्लॅट १९९३ सालचा. किचनही तेव्हाचंच, एल आकाराचा ओटा, एक बाजू १० फूट, दुसरी ७, खाली कडप्प्याचे उभे-आडवे कप्पे आणि त्यांना अ‍ॅल्युमिनियमची सरकती दारं, ज्यातली निम्मी सरकायची बंद झालेली. आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, वय ७४. मागच्या कप्प्यातली परात काढायला त्यांना दर वेळी खाली बसावं लागायचं. यंदा घराचं काम काढलं तेव्हा आधी किचन, बाकी सगळं नंतर, हे मी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं. बजेट दीड लाख. लॉफ्ट, टाइल्स वेगळे.

पहिल्यांदा एका शोरूममध्ये गेलो. तिथलं किचन बघून कोणाचंही मन जाईल, चकचकीत दारं, हलकं ढकललं की ड्रॉवर आपोआप बंद. कोटेशन आलं २ लाख ८५ हजार आणि वर १८ टक्के जीएसटी. मी विचारलं, दारं सोडा, आतला डबा, म्हणजे कपाटाचा सांगाडा, कशाचा आहे? तर उत्तर मिळालं, इंजिनिअर्ड वूड. म्हणजे नक्की काय असं तीन वेळा विचारल्यावर कळलं की पार्टिकल बोर्ड, लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी. माझ्या मावशीकडे हाच माल आहे, तिसऱ्या पावसाळ्यात सिंकखालची फळी फुगून दार लागेनासं झालं आणि बिजागरीचे स्क्रू नुसते हातात आले, तिथे परत स्क्रू बसतच नाही कारण आत धरायला काही उरलेलंच नसतं. बेडरूमच्या कपाटाला कोरड्या जागी तो बोर्ड चालेल कदाचित, पण आपल्या किचनमध्ये रोज ओटा धुतला जातो, चार महिने हवेत ओल असते, तिथे नको म्हणजे नको. रनिंग फुटाच्या, म्हणजे ओट्याच्या लांबीच्या दर फुटामागे सांगितलेल्या दराचंही तसंच, दर स्वस्त वाटतो पण त्यात ट्रॉल्या, चॅनल (ट्रॉली ज्यावर सरकते त्या पट्ट्या), ग्रॅनाइट बऱ्याचदा धरलेलं नसतं. प्रत्येक वस्तू वेगवेगळी लिहून मागितली तेव्हा कुठे खरा आकडा समोर आला.

मग सुताराकडून करून घ्यायचं ठरलं. आमच्या मिस्त्रींनी टिंबर मार्केटमधून तीन तुकडे आणून दिले, एक पार्टिकल बोर्ड, एक साधा कमर्शियल प्लाय आणि एक बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा प्लाय, ज्याच्यावर आयएस ७१० चा शिक्का असतो. म्हणाले, ताई, माझ्यावर नका विश्वास ठेवू, उकळून बघा. जुन्या पातेल्यात पाणी ठेवून तिन्ही तुकडे टाकले आणि चार तास मंद गॅसवर उकळले, घरभर गोंदाचा वास. पार्टिकल बोर्ड अर्ध्या तासात चहात बुडवलेल्या खारीसारखा फुगला आणि चिमट्याने उचलताना तुटला. कमर्शियल प्लायचे पापुद्रे सुटून कडेने पुस्तकासारखे उघडले. ७१० वाला फक्त काळा पडला, नखाने उकरून बघितलं, एकही थर हलला नाही. फरक गोंदाचा असतो, बीडब्ल्यूपीमध्ये फिनॉलचा गोंद असतो जो पाण्याला दाद देत नाही, कमर्शियलमध्ये युरियाचा. तुम्ही काही विकत घेण्याआधी हे एकदा घरी नक्की करा, शिक्का नकली असला तरी पातेल्यात कळतं.

पण खरी मोठी बचत यातून झाली नाही, ती मिस्त्रींच्या पुढच्या एका प्रश्नातून झाली. ओट्याखाली वाकून, टॉर्च मारून, कडप्प्यावर टकटक करत ते म्हणाले, ताई, हा उभा कडप्पा का तोडताय? याला वाळवी लागत नाही, हा फुगत नाही, सडत नाही, तीस वर्षं उभा आहे. वरचा ओटा बदला आणि या कप्प्यांतच ट्रॉल्या बसवू, प्लाय फक्त दारांना लागेल. म्हणजे ज्या डब्यासाठी मी महिनाभर प्लायचे प्रकार वाचत होते तो डबा दगडाचा आधीच घरात होता! पुण्यातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये असा ओटा घरोघरी आहे आणि लोक रिनोव्हेशनच्या नावाखाली पहिल्या दिवशी घणाने फोडतात, मला याचं फार वाईट वाटतं.

यात एक गोष्ट मात्र जपावी लागते. कडप्पा सहसा ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभा, नसतो. आमच्या तिसऱ्या कप्प्याची रुंदी पुढे १९ इंच होती, मागे १८ च्या जरा वर, आणि खालच्या बाजूला अजून वेगळी. म्हणून प्रत्येक कप्पा पुढे, मागे, वर, खाली असा चार जागी मोजायचा आणि सगळ्यात कमी माप धरून ट्रॉली घ्यायची. मग कडप्प्याला ड्रिलने भोक पाडून आधी प्लायची पट्टी बसवायची, जिथे दगड आत गेलाय तिथे पट्टीमागे सनमाईकाचे तुकडे घालून ती सरळ करायची आणि चॅनल त्या पट्टीवर. मिस्त्री एका कप्प्याला अर्धा दिवस लावत होते. घाई केली असती तर ट्रॉली एका बाजूला घासत राहिली असती.

ट्रॉल्या आणायला जाण्याआधी आईंनी आणि मी एक रविवार नुसते डबे मोजले. स्टीलच्या ट्रॉल्या तयार मापात मिळतात, उंचीला ४, ६, ८ इंच, आणि दुकानदार सरसकट सगळ्यांना तेच तीन मजले देतो. पण आमचा पाच लिटरचा तेलाचा कॅन, लोणच्याची बरणी, पिठाचा डबा आणि मोठा कुकर यातलं काहीच ८ इंचात उभं राहत नाही. मग दोन कप्प्यांत तीनऐवजी दोनच ट्रॉल्या घेतल्या, वरची ४ इंची आणि खालच्या ट्रॉलीवर उंच डब्यांसाठी मोकळी जागा. ताटांची ट्रॉली आई जिथे जेवायला वाढतात त्या बाजूला घेतली, मसाल्याची गॅसच्या उजव्या हाताला.

स्टीलबद्दल सांगते कारण इथे सगळे फसतात. दुकानात चुंबक लावून दाखवतात, चिकटत नाही म्हणजे ३०४, म्हणजे सहसा न गंजणारी चांगली ग्रेड, असं. पण स्वस्तातलं २०२ ग्रेडचं स्टीलसुद्धा चुंबकाला सहसा चिकटत नाही! सिंकजवळ ओल्या जागी दोन-तीन वर्षांत त्यावर तांबेरा धरतो. बिलावर ग्रेड ३०४ लिहून घ्या, लिहायला कां-कूं केली तर दुसरं दुकान बघा. आम्ही पुण्यातल्या बोहरी आळीत चार दुकानं फिरलो, एकानेच हसत लिहून दिलं, त्याच्याकडून घेतलं. चॅनल ४५ किलो वजन पेलणारे घेतले, डाळ-तांदळाच्या ट्रॉलीला हलके चालत नाहीत. सॉफ्ट क्लोज, म्हणजे हलकं ढकललं की आपोआप बंद होणारं, फक्त ताटांच्या आणि काचेच्या सामानाच्या ट्रॉलीला. बाकीच्या हाताने बंद होतात.

दारांना १८ मिलिमीटरचा ७१० प्लाय, बाहेरून १ मिलिमीटरचा मॅट सनमाईका आणि आतूनही सनमाईका, कारण एकाच बाजूला लावला की दार पापडासारखं वाकतं. अ‍ॅक्रिलिक मला आवडलं होतं, पण फोडणीचे शिंतोडे, हळदीचे हात आणि रोजचं पुसणं, त्यावर बारीक ओरखडे येतात. सिलिंडरच्या कप्प्याच्या दाराला अगदी खालच्या बाजूला जाळी ठेवली. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, वरच्या जाळीचा उपयोग नाही. हे आमच्या सुतारालाही सांगावं लागलं, म्हणून मुद्दाम लिहितेय.

ओट्याच्या उंचीवरून घरात चर्चा झाली. ग्रॅनाइट बसल्यावर ओटा ३४ इंच होत होता, मला अगदी बरोबर, पण आईंची उंची ४ फूट ११ इंच, पोळ्या लाटताना त्यांचे खांदे वर चढतात. कोपरापासून चार ते सहा इंच खाली हात पडला तर खांदा दुखत नाही. मग खिडकीखाली २९ इंचावर दोन फुटांचा छोटा ओटा वेगळा केला, उरलेल्या ग्रॅनाइटच्या तुकड्याचा, खर्च फक्त गवंड्याची एका दिवसाची मजुरी. आई आता तिथेच पोळ्या लाटतात, दुपारी तिथेच भाजी निवडतात.

एकूण खर्च १ लाख ४१ हजार, ग्रॅनाइट, सिंक, मजुरी धरून. मिस्त्रींना पैसे टप्प्याटप्प्याने दिले आणि शेवटचे १५ हजार सगळ्या ट्रॉल्या सामान भरून आठ दिवस वापरल्यावर. त्या आठ दिवसांत दोन चॅनल परत सरळ करून घेतले. ऑगस्टमध्ये सिंकखालची ट्रॉली पूर्ण बाहेर काढून मागे हात घालून बघितलं, कोरडं आहे. लॉफ्टची दारं राहिलीत, ती दिवाळीनंतर.