पिशव्यांचं बाकडं

अम्यूझमेंट पार्कात जाणाऱ्या प्रत्येक घरात एक माणूस पिशव्या सांभाळायला लागतो. आमच्या घरात ते पद माझ्याकडं आहे. जावयाचं पाकीट, लेकीचा गॉगल, नातवाची टोपी, पाण्याच्या बाटल्या आणि कुणाचा कुठला ते न समजणारा एक ओला टॉवेल एवढं घेऊन बाकड्यावर बसायचं. आणि लांबून किंकाळी आली की ती आपल्यातली की परक्याची हे ओळखायचं. सरावानं जमतं.

यंदाचं बाकडं अमेरिकेत, कनेटिकटमधल्या ब्रिस्टल गावात, लेक कंपाउन्स नावाच्या तळ्याकाठच्या पार्कात मिळालं. जवळच्या हार्टफर्ड शहरात विमा कंपन्यांची दाटी, त्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरपुढं आपल्याकडची पोरं, आणि त्या पोरांतच आमचा जावई. एका शनिवारी सकाळी दहालाच त्यानं गाडी काढली. मी पहाटे उठून धपाटे केले होते. पार्किंगमध्ये उतरताना लेक म्हणाली, “आई, डबा गाडीतच राहू दे हं.” बरं, म्हटलं.

एका बाजूला डोंगर, त्याच्या पायथ्याशी तळं आणि तळ्याच्या कडेनं पाळणे, अशी ती जागा. जायच्या आदल्या रात्री मी तिची माहिती वाचून काढली होती. (मास्तरीण होते, सहल म्हटली की आधी माहिती, मग पाण्याची बाटली.) हे सगळं सुरू झालं एका फजितीतून. 1846 च्या ऑक्टोबरात सॅम्युएल बॉट्सफर्ड नावाच्या एका माणसानं जाहीर केलं की, आपण विजेच्या जोरावर या तळ्यात स्फोट घडवून दाखवणार. तळ्याचे मालक गॅड नॉर्टन. त्यांनी परवानगी दिली. बघायला हजारो माणसं लोटली. आणि स्फोट काही झालाच नाही!

नॉर्टन मात्र हुशार. तळं फुटलं नाही तरी माणसं काठावर रमतात, हे त्यांनी त्या दिवशी हेरलं. मग जेवायला टेबलं मांडली, तळ्याभोवती पायवाट केली, वल्हवायला होड्या सोडल्या, बँड वाजवायला चौथरा बांधला. म्हणजे इथं बाकडी आधी आली, पाळणे फार मागाहून. हे वाचल्यापासून पिशव्या घेऊन बसताना माझी मान जरा ताठ असते.

पुढचं सगळं विजेनंच केलं, ही गंमत. ज्या विजेनं बॉट्सफर्डला तोंडघशी पाडलं, तिच्यावर चालणारी ट्रॉली 1895 मध्ये तळ्यापर्यंत आली आणि रविवारची माणसं भरभरून आणू लागली. 1911 मध्ये लाकडी घोड्यांचं चक्र आलं, 1927 मध्ये वाइल्डकॅट नावाचा लाकडी रोलरकोस्टर. अमेरिकेत न खंडता चालू असलेलं हे सगळ्यांत जुनं पार्क मानतात. मधे 1990 च्या सुमाराला दिवस इतके वाईट आले की, ही ओळ तुटू नये एवढ्याचसाठी उन्हाळ्यातले मोजके दिवस फाटक उघडायचं. मला एकदम आमच्या गल्लीतला अखंड सप्ताह आठवला. पहाटे तीनला मंडपात चिटपाखरू नसतं, पण वीणा खाली टेकवायची नाही म्हणून एखादे अण्णा पेंगत पेंगत गळ्यात घेऊन उभे असतात ना, तसं.

तळ्याच्या नावाची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. 1684 मध्ये इथल्या मूळ रहिवाशांनी ही जमीन गोऱ्यांना दिली. बदल्यात थोडे पैसे आणि काही सामान, त्यात एक मोठं पातेलं. त्यांच्या कंपाउंड नावाच्या म्होरक्यानं त्या पातेल्यात बसून तळं ओलांडायचा घाट घातला आणि तो बुडाला, अशी दंतकथा आहे. दंतकथा कोणाच्या सोयीची असते ते आपल्याला इतिहासात बरंच बघायला मिळतं. जमीन गेली, पातेलं बुडालं, माणूस बुडाला, आणि नाव तेवढं पाटीवर राहिलं.

माझ्या शेजारी एक गोऱ्या आजी येऊन बसल्या. त्यांच्याकडं तीन पिशव्या आणि एक भलंमोठं कापडी अस्वल. आम्ही एकमेकींचा पसारा बघितला आणि मान हलवली. बोलणं एवढंच. मग दोघी तळ्याकडं बघत बसलो. मी कोल्हापूरची, पाण्याच्या काठी काही न करता बसणं हे आमचं रंकाळ्यावर लहानपणीच शिकून झालेलं असतं. तिथं हातात भेळेचा कागद असतो, इथं परक्यांचं अस्वल, एवढाच फरक.

नातवाची उंची यंदा वाइल्डकॅटच्या पट्टीला टेकली होती. वर्षभर दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा चालल्या होत्या त्या याचसाठी. बापाचा हात झटकून तो रांगेत उभा राहिला. डबे चढणीवर लागले की साखळीची कटकट सुरू होते. ती एवढी जुन्या घडणीची की, रहाटाची आठवण यावी. माथ्यावर क्षणभर सगळं थांबल्यासारखं झालं, मग सगळा लाकडी सांगाडा थरथरला आणि किंकाळ्या आल्या. त्यात आमची नव्हती. मी घाबरून उभी राहिले, टोपी मातीत पडली.

खाली आला तो पांढराफटक. काहीच बोलेना. लेक म्हणाली, “काय रे, कसं वाटलं?” त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, “आज्जी, धपाटे कुठायत?”

मग हातावर परतीचा शिक्का मारून घेऊन आम्ही चौघं पार्किंगमध्ये आलो. डिक्की उघडली, तिच्या काठावर पाय लोंबकळत बसलो. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. पलीकडच्या गाडीच्या डिक्कीतही डबेच उघडत होते. बहुतेक गुजराती असावेत, थेपल्याचा वास येत होता. दुसऱ्या धपाट्याला नातवाला कंठ फुटला. वरून अख्खं तळं दिसतं म्हणाला. डोळे मिटले नव्हते का, असं विचारायचं मी टाळलं.

परत आत गेल्यावर लेक बाकड्यावर बसली आणि पिशव्या ओढून घेत म्हणाली, “आई, आता तू जा. मी बघते.” मी लाकडी घोड्यांच्या रांगेत उभी राहिले. आतल्या बाजूचे घोडे वरखाली होतात, बाहेरच्या कडेचे एका जागी घट्ट. मी कडेचा धरला. “आज्जी, तो उडी मारत नाही!” नातू आतल्या घोड्यावरून ओरडला.

“मला ठाऊक आहे,” म्हटलं, आणि पदर खोचला.