टिडालिक ठेवला, सर्प काढला

गेले सात-आठ महिने हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून घरी आलो की जेवण उरकून मी एकच काम करतोय, पोकेमॉनसारखा बॉल टाकून प्राणी पकडायचा एक फॅनमेड गेम बनवतोय, फुकट खेळायला देणार आहे आणि त्याचा नकाशा ऑस्ट्रेलियाचा आहे. सगळ्यात जास्त जीव ओतलाय तो एका बेडकावर.

टिडालिक. व्हिक्टोरियातल्या गिप्सलँड भागातल्या गुनाइकुर्नाई या मूळनिवासी लोकांची ही गोष्ट. या बेडकाला एवढी तहान लागते की तो नद्या, तळी, सगळं पाणी पिऊन बसतो, बाकीचे प्राणी तहानेने कासावीस, मग ठरतं की याला हसवायचं, एकेक जण येऊन नाना प्रकार करतो पण हा ढिम्म, शेवटी ईल, म्हणजे आपला वाम मासा, असा काही वेडावाकडा नाचतो की याला हसू फुटतं आणि सगळं पाणी भसकन बाहेर! आपल्याकडे अगस्तींनी समुद्र पिऊन टाकला होता, पण त्यांना हसवायला कोणी गेलं नव्हतं.

म्हणून याची पॉवर अशी ठेवलीये: समोरच्याने पाण्याचा अटॅक मारला की हा तो गिळतो. तीनदा गिळला की पोट इतकं फुगतं की डोळ्यांच्या दोन बारीक रेघा उरतात (६४ बाय ६४ पिक्सेलमध्ये हे दाखवायला तीन रात्री गेल्या). आणि कोणी नाचाचा अटॅक वापरला की साठलेलं सगळं पाणी दोन्ही बाजूंवर कोसळतं, आपला-परका बघत नाही. गोष्ट अशी खेळायच्या नियमात उतरली पाहिजे, नुसती अंगावरच्या डिझाइनमध्ये नाही, असं मला मनापासून वाटतं.

डिझाइनमध्ये तर मी चुकलोच होतो. त्याच्या पाठीवर आधी ठिपके काढले होते, ते ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासींच्या डॉट पेंटिंगवाले. पण कॅनव्हासवरची ती चित्रं १९७१ च्या सुमारास मध्य ऑस्ट्रेलियात पापुन्याला सुरू झाली, गिप्सलँड कुठे नि पापुन्या कुठे, इंग्रज आले तेव्हा त्या खंडावर २५० च्या वर भाषा होत्या, आणि मी सगळ्यांना एकच अंगरखा चढवत होतो. ठिपके पुसले.

मग इंद्रधनुष्य सर्प, तिथल्या बऱ्याच मूळनिवासी लोकांच्या श्रद्धेतला पाण्याशी जोडलेला मोठा साप. पर्थकडच्या नूंगार लोकांमध्ये तो वागिल, स्वान नदी त्याने घडवली असं ते मानतात. मी त्याला लेजेंडरी, म्हणजे गेममधला सगळ्यात दुर्मिळ आणि ताकदवान प्राणी, केलं होतं, लेव्हल ७०, पकडता येणारा. पण एका रात्री भोरकडची आज्जीच्या गावची विहीर आठवली. काठाला साती आसरांचे सात दगड, शेंदूर लावलेले, हिरव्या बांगड्या वाहिलेल्या. आज्जी तिथे चप्पल काढायची, आणि आम्हा पोरांना म्हणायची, "हळू बोला रे, आसरा आहेत." उद्या कोणी परदेशात बसून त्या सातजणींना बॉलमध्ये कोंडायचा गेम केला तर मला कसं वाटेल? खूप लागेल. आणि वागिलवर तर आजही लोकांची श्रद्धा आहे.

सर्प काढला. ऑस्ट्रेलियाच्या वायव्येकडच्या किंबर्ली भागातले, खडकांवर रंगवलेले पाऊस आणणारे देवात्मे, वांजिना, तेही गेममधून काढले, ती चित्रं रंगवायचा मान तिथल्या ठराविक लोकांचाच आहे.

लेजेंडरीच्या जागी आता फक्त एक पाणवठा आहे, जवळ गेलं की म्युझिक थांबतं, पाण्याचा आवाज येतो आणि बॉलचं बटण चालत नाही. तो आवाज अजून नीट जमलेला नाही, रविवारी माईक घेऊन भोरला जातोय.