डाग दंडावर होता

राधानगरीकडचा एक तरणा शेतकरी वडिलांची ३१५ बोअरची रायफल घेऊन कोल्हापुरात माझ्या दुकानात आला. "काका, लई लाथ मारतीया. रबर बसवून द्या."

परवाना वारसानं त्याच्या नावावर झालेला, ऊस-मका खाणाऱ्या रानडुकरांसाठी वनखात्याची लेखी परवानगीही हातात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा शौक संपला. आता माझ्याकडं रायफल घेऊन येतात ते पिकापायी गांजलेलेच. कागद पाहिले, दस्त्याला रबरी पॅड बसवलं, पाठवून दिला. तीस वर्षं बंदुका दुरुस्त करतोय, मी असं करायला नको होतं.

आठवड्यानं तो परत. धक्का वाढलाय म्हणाला. गावात पोरं सांगत होती, "मर्दा, छाती काढून धर की!" बंदुकीचा विषय निघाला की आपल्याकडं प्रत्येकाला मर्दानगी आठवते, याचा मला मनापासून राग येतो. धक्का हा वजनाचा आणि मापाचा हिशेब आहे. काडतूस तेच ठेवून रायफल दुप्पट जड केली, तर धक्क्याची ताकद निम्म्यावर येते. रबरानं ती कमी होत नाही, जरा सावकाश आणि पसरून खांद्यात उतरते, इतकंच. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणल्यापासून तर सगळ्यांना रायफल सोपी वाटायला लागलीय. त्याची रायफल पॉइंट टू-टू, म्हणजे छोट्या काडतुसाची. तिला असा धक्का नसतोच.

"शर्ट काढ," म्हटलं. डाग खांद्याच्या खळगीत नव्हता. चार बोटं बाहेर, दंडावर होता, काळानिळा.

हात काटकोनात वाकवून दस्ता कोपराच्या खोबणीत टेकवला. बोट चापापर्यंत पोचेना. दस्ता लांब पडत होता, म्हणून तो खळगीत बसायचा सोडून बाहेर घसरत होता; आणि मी वर अर्धा इंच रबर चढवून तो आणखी लांब केला होता.

पॅड उतरवलं. लाकडात एक बारीक रेघ होती. पहिल्या दिवशीही दिसली होती, जुनी चीर समजून सोडलेली. भिंग लावलं. सांधा होता, नख अडकणार नाही इतका बेमालूम. इंचभर सागाचा तुकडा, आत दोन खुंट्या, आणि स्क्रूच्या खाचा सगळ्या एका रेषेत. अशा खाचा माझे वडील लावायचे. त्याचे वडील तालमीतले, लांब हाताचे. त्यांच्या मापानं हे काम आमच्याच दुकानात झालं होतं.

"काढू का?" विचारलं. तो बराच वेळ दस्त्यावरून हात फिरवत राहिला, मग मान हलवली. तुकडा उतरवला, त्या जागी पॅड बसवलं. आता बोट बरोबर चापावर.

मग परवानगी काढून रेंजवर नेला. कानात बोळे घातले, कारण निम्मी भीती आवाजाची असते. पालथं झोपून नाही, उभ्यानं मारायला लावलं. उभ्या अंगाला मागं झुलता येतं, झोपलेल्याला सगळा धक्का हाडावर घ्यावा लागतो. दस्ता खळगीत घट्ट, गाल लाकडाला, वजन पुढच्या पायावर. आणि त्याला न सांगता खऱ्या काडतुसांत डमी मिसळली. डमीवर चाप ओढला, बार झालाच नाही, तरी माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, खाली गेली आणि डोळे मिटले. दस्ता मापाचा झाला होता, पण झटका अंगात बसला होता. त्यातला एक आठवडा माझ्या पॅडचा.

तसं त्याला सांगितलं. "असू दे काका," म्हणाला. सागाचा तुकडा मात्र कागदात गुंडाळून मागून नेला.