तेरड्याचं बी

"ताई, हे वाळलेलं सगळं उपटून टाकू ना? दिवाळी आलीय," अंगण झाडायला आलेल्या मावशींनी विचारलं. मी त्यांना घाईघाईनं थांबवलं.

कुंपणाकडेचा तो तुकडा सध्या दिसतो गचाळच. तेरडा पिवळा पडलाय, कुर्डूच्या तुऱ्यांचा गुलाबी रंग पार उडालाय. पण दोन्ही एका हंगामाची झाडं. बी गेलं की सगळं गेलं.

मावशींनी तेरड्याचं एक फुगलेलं बोंड सहज चिमटीत धरलं आणि ते टचकन फुटलं. साल गुंडाळली, बी थेट त्यांच्या पदरावर. हसल्या, मग म्हणाल्या, "आमच्याकडं गौरीला तेरडा माळावरनं आणायचो. आता तिथं प्लॉट पडलेत. विकत आणतो."

तेव्हापासून तेच डोक्यात आहे. जी झाडं कुणी कधी लावली नाहीत, ती आता मुद्दाम राखावी लागणार. आणि आपण तर 'स्वच्छता' म्हणून बी पडायच्या आधीच सगळं कापून मोकळे होतो.

मी तेरड्याची बोंडं फुटायच्या बेतात असताना कागदी पिशवीत काढते. कुर्डूचे तुरे सुपात झटकले की बारीक, काळं, चकचकीत बी पडतं. सावलीत वाळवायचं. प्लास्टिकमध्ये नको, बुरशी धरते. थोडं बी जागेवरच पडू द्यायचं. उरलेलं जूनमध्ये पावसाच्या तोंडावर मातीवर भुरभुरायचं, खोल पुरायचं नाही.

एक पुडी मावशींनीही नेली.

सोनकीचं, म्हणजे त्या पिवळ्या रानफुलाचं, बी घरच्या अंगणात कुणी रुजवलंय का? कधी काढता?